म्युनिकला यायचं म्हणतोस, तर आधी जन्माची नोंद बघून ये

राजापूरकडचा आहेस, म्हणजे फुरसं हा छोटा विषारी साप काय चीज आहे हे तुला सांगायला नको.

तू लिहिलंयस: वय सत्तावीस, मुंबईत एम.एस्सी., हैदराबादला बायोसिमिलर, म्हणजे जैविक औषधांची नक्कल करणाऱ्या, कंपनीत तीन वर्षं, आणि आता म्युनिकला लागून असलेल्या मार्टिन्सरीडमध्ये पीएच.डी.ची जागा मिळतेय. घरी आई एकटी आणि आंब्याची साठ कलमं. जावं का, मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या (एकाच जातीच्या प्रतिपिंडांच्या) कामात पुढे काय आहे, एकटं वाटतं का, परत येता येतं का. असे चार प्रश्न. आणि अगदी शेवटी, पत्र मिटताना आठवल्यासारखी एक ओळ: ‘मला फुरशाच्या विषावर मोनोक्लोनल करायचंय.’ चार प्रश्नांना मी चार ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. ही पाचवी ओळ वाचली आणि रात्री साडेअकराला लिहायला बसले. मला ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

मी गुहागर तालुक्यातली. २००७ साली इथे आले. व्हिसा, ब्लू कार्ड, विमा, खोलीचं भाडं यातलं मी काहीही सांगणार नाही. ते सगळं सरकारी पानांवर आहे, वरचेवर बदलतं, आणि माझी माहिती आता पुराणवस्तू झाली. मी सांगते ते तिथे नसतं.

आधी कागद.

माझा जन्म १९७८ चा, घरचाच, वाडीतल्या सुइणीच्या हातचा. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात त्या तारखेसमोर लिहिलंय ‘स्त्री’. बापाचं नाव आहे, गाव आहे. माझं नाव नाही. बारशाच्या आधीच अण्णा नोंद करून आले होते, आणि नंतर नाव सांगायला परत कोण जातोय! शाळेच्या दाखल्यावर नाव आहे, पण गावाचं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं. पदव्या माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. आपल्याकडे यातलं काही कधी आडवं आलं नाही. आपल्याकडे गॅझेट आहे, प्रतिज्ञापत्र आहे, आणि तहसीलबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेला माणूस आहे.

२००९ मध्ये मुलगी झाली, इथेच. जन्मनोंदणीच्या कचेरीतल्या बाईंनी माझे सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि शांतपणे विचारलं, यातल्या तुम्ही नक्की कोण? मी अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का दाखवला. भारत त्या करारात २००५ साली आला, पण जर्मनीने भारतापुरती हरकत घेतलेली. त्यामुळे त्या शिक्क्याचा इथे उपयोग नव्हता. मग काय, तर वकिलातीच्या वतीने तिकडचा एखादा वकील माणूस पाठवतो. तो गावात जाऊन नोंद खरी आहे का ते बघतो, शेजारीपाजारी विचारतो, आणि अहवाल लिहितो. त्याचे पैसे आपण भरायचे.

तो आला जुलैत. धो धो पाऊस, रेनकोट घातलेला अनोळखी माणूस मोटारसायकलवरून पाणंदीत उतरला. आधी दुकानात विचारलंन, मग शाळेत, मग आमच्या शेजारी. या घरातली मुलगी कधी जन्मली, तिचं लग्न कोणाशी झालं, खरंच झालं का, तुम्ही जेवायला होतात का. संध्याकाळपर्यंत गावच्या पाचही वाड्यांत झालं की अण्णांच्या पोरीने जर्मनीत काहीतरी केलंन. आईला देवळात एकीने विचारलं, “काय गो, पोलीस आलेला म्हणे?” आई त्यावर दोन महिने देवळात गेली नाही, हे मला तीन वर्षांनी कळलं. १९७८ चं रजिस्टर जुन्या कचेरीच्या माळ्यावर होतं, कडा वाळवीने खाल्लेल्या. माझी ओळ वाचली ती नशिबाने.

सगळं मार्गी लागायला चौदा महिने गेले. तोवर मुलीच्या जन्माच्या कागदावर शेरा होता की आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही. मी त्या काळात रोज प्रयोगशाळेत हेच करत होते बघ. अँटिबॉडीची बॅच पुढे सोडायची तर पहिली चाचणी ओळखीची असते. रेणूचे एंझाइमने तुकडे करायचे, तुकड्यांचं वजन मोजायचं, आणि हा तोच रेणू आहे असं सहीनिशी लिहून द्यायचं. दीड लाख डाल्टनच्या प्रथिनाची ओळख मी दोन दिवसांत पटवून देत होते. आणि माझी स्वतःची? जाऊ दे. तो शेऱ्याचा कागद अजून फायलीत आहे. नवरा म्हणतो फाडून टाक. (नवऱ्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, तो मराठी वाचतो.)

तेव्हा तिकीट काढायच्या आधी ग्रामपंचायतीत जा. नोंदीत नुसतं ‘पुरुष’ असेल तर शाळेचा दाखला दाखवून नाव चढवता येतं का ते तिथेच विचार. आईच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे का बघ. इथे जाशील तिथे आईचं माहेरचं नाव विचारतील. ते तुला बिनचूक लिहिता येतं का? मला येत नव्हतं.

आता फुरसं.

मी नववीत होते. एप्रिल संपत आलेला, आंबा उतरवायचे दिवस. सड्यावरच्या कलमांत अण्णा गडग्यालगतचा पाचोळा हाताने ओढत होते. आधी आवाज आला. तव्यावर ओलं काही पडावं तसा. मग अण्णांनी हात झटकला. दीड वीत लांबीचं असेल, तपकिरी, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत तिथेच बसलेलं. पळालंसुद्धा नाही. जीपने तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तासभर गेला. बोट सुजलं होतं, बाकी अण्णा बोलत होते, मलाच धीर देत होते.

डॉक्टरांनी शिरेतून थोडं रक्त काढलं आणि काचेच्या कोरड्या नळीत घालून ती खिडकीत उभी ठेवली. मला म्हणाले, तू घड्याळाकडे बघ, वीस मिनिटं झाली की सांग, नळीला हात लावू नको. मी बघत बसले. वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. रक्त आमसुलाच्या आगळासारखं सरळ वाहत तोंडाशी आलं. गोठलंच नव्हतं. फुरशाचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं वापरून संपवतं, मागे काही शिल्लक ठेवत नाही. हे मी पुढे शिकले. तेव्हा एवढंच कळलं की डॉक्टरांचा चेहरा बदलला. मग त्या पांढऱ्या भुकटीच्या बाटल्या, एकेक दहा मिलिलिटरात विरघळवून सलाईनमधून. सहा तासांनी पुन्हा नळी. दुसऱ्या दिवशी पहाटे नळी आडवी केली तर रक्त तळाशी घट्ट चिकटून राहिलं. मी ते बघून रडले, आणि आजवर मी क्रोमॅटोग्राफवर जेवढे सुंदर आलेख पाहिले त्यातला एकही त्या नळीच्या जवळपास येत नाही.

गंमत पुढे झाली. घरी येऊन आठ दिवस होतात न होतात तोच अण्णांच्या अंगावर गांधी उठल्या, ताप, गुडघे-मनगटं सुजली. पुन्हा जीप. डॉक्टर हसले, म्हणाले, विष नाही हे. औषध घोड्याचं आहे, तुमच्या अंगाने घोडा ओळखला. गोळ्या दिल्या, चार दिवसांत उतरलं. मी विचारलं, मग माणसाचं का नाही करत? ते म्हणाले, तू कर.

बस. माझी सगळी प्रतिकारशास्त्राची पदवी त्या दोन शब्दांवर उभी आहे. (प्रतिकारशास्त्र म्हणजे आपलं आणि परकं ओळखण्याचं शास्त्र, मग परदेशात राहणाऱ्या बाईला काय छान जुळतं, हा विनोद माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने केलाय. तू करू नकोस.)

तुझ्यासारख्या तीन वर्षं बायोसिमिलर करून आलेल्या माणसाला मोनोक्लोनल काय हे मी शिकवणार नाही, पण इतिहास थोडा सांगते, कारण कंपनीत तो कोणी सांगत नाही. जनावराच्या रक्तातून औषध काढायची युक्ती बेरिंग आणि कितासातो यांची, १८९० ची, घटसर्प आणि धनुर्वातासाठी. सापाचं औषध त्याच दशकात आलं. आपण आजही मुळात तेच करतो. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं टोचायचं, घोडा अँटिबॉडी बनवतो, त्या गाळून घ्यायच्या. त्यात उपयोगाच्या किती आणि घोड्याने आयुष्यभरात जमवलेल्या इतर किती, याचा हिशोब नाही. प्रमाण असं की एका मिलिलिटरने फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष मारलं पाहिजे.

मग १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी अँटिबॉडी बनवणारी उंदराची एक पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा संकर केला. एकाच जातीची अँटिबॉडी, हवी तेवढी, हवी तितके दिवस. कोलर जन्माने म्युनिकचा. मिलस्टाइन अर्जेंटिनाचा, १९६२ च्या लष्करी उठावानंतर त्याच्या सहकाऱ्यांना संस्थेतून काढलं, तेव्हा तो देश सोडून केंब्रिजला आला. १९८४ ला दोघांना नोबेल मिळालं. पेटंट मात्र घेतलं गेलं नाही. त्या एका चुकीवर की औदार्यावर आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या चालू आहेत.

पहिलं औषध १९८६ चं, मूत्रपिंड रोपणासाठी, संपूर्ण उंदराचं. आणि रुग्णांच्या अंगाने उंदीर ओळखला, जसा अण्णांच्या अंगाने घोडा. हे मी एम.एस्सी.ला वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभी राहिले होते. पुढचं सगळं काम म्हणजे उंदीर पुसत जाणं. औषधांच्या नावातच तो इतिहास आहे: ओमॅब म्हणजे पूर्ण उंदीर, झिमॅब म्हणजे टोकं उंदराची आणि बुंधा माणसाचा, झुमॅब म्हणजे उंदराची फक्त बोटं, उमॅब म्हणजे निखळ माणूस. रिटुक्सिमॅब १९९७, ट्रास्टुझुमॅब १९९८, अडालिमुमॅब २००२. बघ, क्रमाने उंदीर कमी होत गेलाय. २०१७ पासून नव्या नावांत ही खूण घालणं बंद केलं. मला वाईट वाटलं.

कामाचं म्हणशील तर खरं सांगते. तू इम्युनॉलॉजिस्ट म्हणून येशील आणि तुला वाटेल आपण टी-पेशींशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींशी, बोलणार. तुझा निम्मा जन्म जाईल औषधातल्या प्रथिनाच्या गुठळ्या मोजण्यात. माझ्या पहिल्या प्रकल्पातली अँटिबॉडी लक्ष्याला अशी घट्ट धरायची की काय सांगू! पण कातडीखाली टोचायचं औषध म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर-दीडशे मिलिग्रॅम बसवावं लागतं. तेवढं घट्ट केल्यावर तिची काकवी झाली. सुईतून उतरेना. सहा महिने आम्ही क्षार बदलले, आम्लता बदलली, दोन अमिनो आम्लं बदलली. मग एका मंगळवारी बैठक झाली, पाच मिनिटांची, आणि प्रकल्प बंद. कोणी ओरडत नाही, कोणी वाईट बोलत नाही. केक असतो. मी आजवर सात रेणूंवर काम केलं. रुग्णापर्यंत एक पोचला.

हे कंटाळवाणं काम कशासाठी, तर २००६ ची लंडनची घटना वाचून काढ, नसशील वाचली तर. टीजीएन १४१२ नावाची अँटिबॉडी. माकडांत काही झालं नाही म्हणून सहा निरोगी तरुणांना पहिला डोस दिला, किलोला ०.१ मिलिग्रॅम. दीड तासात सगळे कोसळले. सहाही जण अतिदक्षता विभागात. वाचले. माकडाच्या टी-पेशींच्या एका प्रकारावर त्या अँटिबॉडीचं लक्ष्यच नसतं, माणसाच्या असतं, हे नंतर कळलं. मी तेव्हा पुण्यात प्रबंध लिहीत होते. मार्गदर्शकांनी तो दिवस सगळं बाजूला ठेवायला लावून यावरच बोलायला लावलं. इथे मी नव्या पोरांना तेच करायला लावते.

आणखी एक, जे जाहिरातीत लिहीत नाहीत. विद्यापीठात आणि संशोधन संस्थेत मुदतीच्या करारावर तुला ठेवायला कायद्याने सर्वसाधारणपणे सहा वर्षं पीएच.डी.पर्यंत आणि सहा नंतर, एवढीच मुभा आहे. कोणी तुला ‘आणखी एक वर्ष बघू’ म्हणालं की तू तुझी वर्षं मोज. मी मोजली नाहीत. दर वेळी वाटायचं, आपलं काम चांगलं चाललंय, मग कसं काढतील? चांगलं चाललेलं काम चालू राहिलं, मला २०११ मध्ये घाईघाईने कंपनीत यावं लागलं.

आता तुझी पाचवी ओळ.

२००७ ला शिष्यवृत्तीच्या अर्जात मी अक्षरशः हेच लिहिलं होतं. फुरसं हा शब्द इंग्रजीत नीट सांगता येईना, म्हणून अण्णांची नळी सांगितली होती. मुलाखत घेणारे भारावले. त्यानंतर अठरा वर्षांत मी फुरशाच्या विषाचा एक थेंबही हाताळलेला नाही. सोरायसिस केलं, दमा केला, आतड्यांचा दाह केला. चांगली कामं आहेत, लोकांचे हाल थांबतात. पण फुरशाने चावलेला माणूस दर महिन्याला इंजेक्शन घेत नाही, आणि तो बहुधा अनवाणी असतो. बैठकीत हे असं कोणी म्हणत नाही. मीच एकदा, पहिल्या वर्षी, तीन पानांचा प्रस्ताव दिला होता. साहेबांनी वाचून अत्यंत आदराने परत केला.

शास्त्राचीही अडचण आहे, सगळा दोष पैशाला देऊ नये. रेबीजचं काम जमलं, कारण तिथे विषाणू एक आणि त्याच्या अंगावरचं धरायचं प्रथिनही एकच. माणसाची मोनोक्लोनल बनवून ती भारतात २०१६ मध्ये मंजूर झाली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. मी पुण्यात पाच-सहा वर्षं काढून जिथून निघून आले, तिथे! कुत्रा चावलेल्या पोराला घोड्याच्या ऐवजी माणसाची अँटिबॉडी. ती बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसात सोरायसिसच्या कुपीवरची नावाची पट्टी किती अंशात चिकटते यावरच्या चर्चेत होते. फुरशाच्या विषात मात्र प्रथिनांची अख्खी पालखी असते. जस्तावर चालणारी प्रोटिनेझं, फॉस्फोलिपेझं, रक्तबिंबिका धरणारी वेगळीच. एक अँटिबॉडी पुरत नाही, मेळ लागतो. त्यात साप प्रदेशाप्रमाणे बदलतो. आपल्याकडच्या औषधांसाठी विष बहुतेक तमिळनाडूच्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि तिकडचं विष आपल्या सड्यावरच्या विषासारखंच असेल असं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी अमेरिकेतल्या गटाबरोबर २०२४ मध्ये एक मानवी अँटिबॉडी दाखवली. ती नाग-मण्यार जातीच्या चेतासंस्थेवरच्या विषावर चालते. फुरशावर नाही.

म्हणजे बघ, जे झालं ते पुण्यात आणि बंगळुरूत झालं, म्युनिकात नाही. आणि आपल्या महाडला बसून डॉक्टर बावस्करांनी विंचवावर जे केलं त्यात मोनोक्लोनल तर सोडच, नवीन रेणूसुद्धा नव्हता. प्राझोसिन, रक्तदाबाची जुनी गोळी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. कोकणातल्या रुग्णांच्या खाटेशी बसून. हे तुला थांबवायला सांगत नाहीये. मार्टिन्सरीडला जे शिकशील ते हैदराबादला शिकवणार नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. फेज डिस्प्लेचा, म्हणजे जीवाणूंच्या विषाणूंवर बसवलेल्या अँटिबॉडींचा, संग्रह स्वतःच्या हाताने चाळणं आणि दुसऱ्याने शोधलेल्या रेणूची नक्कल बिनचूक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं शिकून घे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात थोडा जास्त. सायकल घे, जर्मन शीक, रविवारी स्वतः भाकरी थाप. जातो.

परत येता येतं का, याचं उत्तर मुलीच्या शाळेतून जातं. तुला अजून मूल नाही, तरी ऐक.

२०१७ मध्ये मला बंगळुरूहून बोलावणं होतं. चांगलं, वरच्या जागेचं. मुलगी तेव्हा तिसरीत जाणार होती. आम्ही म्हटलं, इथली शाळा चांगली आहे, मध्येच कशाला उपटा, चौथी होऊ दे. आता इथे बव्हेरियात काय आहे, तर चौथीतच, दहाव्या वर्षी, पोरांची वाट लावतात. म्हणजे वाटा पाडतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास. २.३३ पर्यंत आलं तर गिम्नॅझियम, म्हणजे सरळ विद्यापीठाची वाट. २.६६ पर्यंत आलं तर रेआलशूल, म्हणजे दहावी आणि मग बहुतेक कामधंद्याचं शिक्षण. मे महिन्यात हातात कागद देतात.

तिसरीत बाईंनी मला बोलावून सांगितलं, मुलगी हुशार आहे, जर्मनमध्ये कमी पडते, घरी जर्मन बोला. फार गोड बाई. मी ऐकलं. मी, जी रोज इतरांचा विदा तपासून ‘याला पुरावा काय’ विचारते, तिने एका वाक्यावर घरातलं मराठी बंद केलं. दीड वर्ष. जेवताना, झोपताना, रागावताना जर्मन. माझं जर्मन, म्हणजे विचार कर. आईचा फोन आला की मुलगी ‘आजी, कशी आहेस’ म्हणून फोन माझ्याकडे द्यायची. आई म्हणाली, तिला काय झालंय, रुसली काय माझ्यावर?

जर्मन तीन, गणित दोन, परिसर अभ्यास तीन. २.६६.

तीन दिवसांची चाचणी देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो, त्याच महिन्यात. नाव घालायची मुदत चारच दिवस होती. त्या आठवड्यात मी दुसऱ्या गावी उत्पादन केंद्रात होते, आमची अँटिबॉडी बारा हजार लिटरच्या टाकीत पहिल्यांदा चढत होती. सगळ्यांना मी हेच कारण सांगते. फोनवर फॉर्म भरता आला असता. मला लाज वाटली. गुहागरच्या मराठी शाळेतून पहिला नंबर काढत आलेली मी, आणि माझ्या मुलीला ‘पुन्हा तपासा’ म्हणून रांगेत उभी करायची? मी तो ईमेल उघडला, मिटला, आणि टाकीतला ऑक्सिजन बघायला गेले.

मुलीला याचं काहीही नाही. ती आता सोळाची आहे, मजेत आहे, यंदा दहावी झाली, पुढे दोन-तीन वर्षं करून तिला हवं तर विद्यापीठात जाता येतं, ती वाटही आहे. तिला चष्म्याच्या दुकानात शिकाऊ व्हायचंय. परवा मला म्हणाली, तूच का एवढी धरून बसलीयेस? जर्मनमध्ये म्हणाली. गेल्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा आई तिला आगरात घेऊन गेली. मी पडवीतून बघत होते. दोघी नारळांकडे बोटं दाखवत होत्या, आई मोठ्याने बोलत होती, बहिऱ्याशी बोलावं तसं.

बंगळुरूची जागा तोवर कुणीतरी घेतली होती. म्हणून विचारतोस परत येता येतं का, तर तुला येईल. तुझी कलमं साठ आहेत आणि आई एकटी आहे, म्हणजे तुला दर एप्रिलला कोणीतरी बोलावणार. जा, पीएच.डी. कर, आणि पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेचं, पत्र येईल त्या दिवशी मला लिही, मी तुझ्याशी भांडेन.

वर कुठेतरी मी लिहिलं होतं की अर्जातून ती फुरशाची ओळ काढून टाक, उगाच नंतर टोचते. ते वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. अण्णा आता शहाऐंशीचे आहेत. त्या बोटाची चामडी अजून काळपट आहे. आंबे उतरायला लागले की फोनवर एकदा विचारतातच, “त्या फुरशाच्या औषधाचं काय झालं गो?” मी म्हणते, चाललंय.

ग्रामपंचायतीत जायच्या आधी फोन कर. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, त्यांचा वार विचारून घे, उगाच खेप होईल. आणि जुनं रजिस्टर निघालं तर पानाचा फोटो काढून ठेव, कडांसकट.